आटलेली नदी आणि थकलेले देणे : सतराव्या शतकातील न्यू इंग्लंडची कविता व मराठी संतकविता

१

इ. स. १६३० या वर्षाला दोन परस्परांपासून अतिशय दूर असलेल्या प्रदेशांच्या इतिहासात महत्त्व आहे. त्या वर्षी जॉन विन्थ्रॉप याच्या नेतृत्वाखाली इंग्लंडहून निघालेला प्युरिटन पंथीयांचा ताफा उत्तर अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स किनाऱ्यास लागला. त्याच वर्षी गुजरात आणि दख्खनमध्ये पावसाने दगा दिला व १६३० ते १६३२ या काळातील भीषण दुष्काळास आरंभ झाला. शाहजहानच्या दरबारचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने 'बादशाहनामा'त आणि सुरतेहून बऱ्हाणपूरकडे गेलेला इंग्रज व्यापारी पीटर मंडी याने आपल्या प्रवासवृत्तात या दुष्काळाची भयानक वर्णने केली आहेत. तुकारामांच्या संसाराची वाताहत झाली ती याच दुष्काळात, असे सामान्यतः मानले जाते.

या दोन्ही प्रदेशांत पुढील काळात अवर्षणाचा अनुभव कवितेत आला. दोन्हीकडचे कवी श्रद्धावान होते. पाऊस देवाच्या हाती आहे, याविषयी दोन्हीकडे मतभेद नव्हता. असे असूनही दोन्हीकडच्या दुष्काळकवितांची घडण मुळातून भिन्न आहे. ही भिन्नता नेमकी कशात आहे, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. दुष्काळाच्या कवितेचा विचार आपण बहुधा 'निसर्गचित्रण' किंवा 'दुःखाचा आविष्कार' या सदरांखाली करतो. ही सदरे येथे अपुरी पडतात. दुष्काळाच्या कवितेला विचारावयाचा पहिला प्रश्न असा की, तिच्यात कोण कोणाशी बोलते? आणि दुसरा असा की, तिच्यात देणेकरी कोण आहे?

२

प्रथम नदीचा विचार करू. अमेरिकेतील आरंभीच्या इंग्रजी कवितेत नदीचे सर्वांत प्रसिद्ध चित्र ॲन ब्रॅडस्ट्रीट हिच्या 'कन्टेम्प्लेशन्स' या दीर्घ कवितेत आढळते. ब्रॅडस्ट्रीट १६३० च्या ताफ्यातूनच अमेरिकेत आली. तिचा पहिला संग्रह १६५० मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाला; 'कन्टेम्प्लेशन्स' मात्र तिच्या मृत्यूनंतर, १६७८ च्या बॉस्टन आवृत्तीत प्रथम छापली गेली. या कवितेत निवेदिका वृक्षाच्या सावलीत नदीकाठी बसते. खडकांना न जुमानता समुद्राकडे जाणारा प्रवाह पाहून तिला त्याचा हेवा वाटतो, आणि तो प्रवाह तिला ईश्वराकडे जाणाऱ्या जीवाचे प्रतीक वाटतो. ही नदी आटत नाही. ब्रॅडस्ट्रीटचे उत्तरायुष्य मेरिमॅक नदीच्या खोऱ्यातील अँडोव्हर येथे गेले. बाराही महिने पाऊस वा हिम पडणाऱ्या त्या प्रदेशात मोठी नदी वाळूपर्यंत कोरडी पडणे हा नित्याचा अनुभव नव्हता.

तरीही त्या वसाहतीतील लोक आटलेल्या नदीचे गीत गात होते. १६४० मध्ये केंब्रिज (मॅसॅच्युसेट्स) येथे छापला गेलेला 'बे साम बुक' हा इंग्रजी अमेरिकेत छापलेला पहिला ग्रंथ होय. बायबलमधील सर्व १५० स्तोत्रांचे ते छंदोबद्ध इंग्रजी रूपांतर आहे. त्यातील १०७ व्या स्तोत्रात देव नद्यांचे अरण्य करतो, झऱ्यांची कोरडी भूमी करतो आणि सुपीक जमीन नापीक करतो, असे सांगितले आहे. कारणही तेथेच दिले आहे : त्या भूमीवर राहणाऱ्यांची दुष्टाई. प्रार्थनामंदिरात सर्वांनी मिळून गावयाची ही रचना असल्यामुळे, आटलेली नदी म्हणजे पापाचे फळ हे समीकरण सामूहिक गायनातून लोकांच्या अंगवळणी पडले.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. स्तोत्रातील ही नदी मेरिमॅक नव्हे; ती पॅलेस्टाइनमधील नदी आहे, पावसाळ्यात धो धो वाहणारी आणि उन्हाळ्यात नाहीशी होणारी. तिचे खरे नाते आपल्या तेरणा-मांजरेशी आहे. उमरगा तालुक्यातील मुरूमच्या परिसरातील बेन्नीतुरा घ्या. ही नदी पुढे कर्नाटकात कागिणेस, आणि कागिणा भीमेस मिळते. काळ्या पाषाणावरचा मातीचा पातळ थर, त्याखाली मुरूम (गावाचे नाव आणि या थराचे नाव एकच असावे हा योगायोग अर्थपूर्ण वाटतो) आणि चार महिन्यांचा बेभरवशाचा पाऊस, यांमुळे नदी कोरडी पडणे ही येथे आपत्ती नसून ऋतू आहे.

मग आपल्या कवितेत आटलेली नदी सर्वत्र असावयास हवी होती. प्रत्यक्षात संतकवितेत उलट दिसते. चंद्रभागा उन्हाळ्यात कितीही रोडावली तरी अभंगातील चंद्रभागा ही सदैव तीर्थ म्हणून भरलेली असते. म्हणजे वाहत्या नदीकाठचे लोक कोरड्या नदीचे स्तोत्र गात होते आणि कोरड्या नदीकाठचे लोक भरलेल्या नदीचे अभंग गात होते. कवितेतील नदी भूगोलातून जशीच्या तशी येत नाही, ती परंपरेतून येते, याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. मराठी कवितेत आटणे आले, परंतु ते नदीच्या पात्रात आले नाही. ते कोठे आले, हे पुढे पाहावयाचे आहे.

३

न्यू इंग्लंडमधील अवर्षणाची प्रमुख कविता मायकेल विगल्सवर्थ (१६३१-१७०५) याची आहे. विगल्सवर्थ हा मॉल्डन येथील धर्मोपदेशक होता आणि 'द डे ऑफ डूम' या अंतिम न्यायदिनावरील काव्यामुळे प्रसिद्ध होता. १६६२ मधील मोठ्या अवर्षणाच्या काळात त्याने 'न्यू इंग्लंडशी देवाचा वाद' अशा आशयाच्या शीर्षकाची दीर्घ कविता लिहिली. ती त्याच्या हयातीत छापली गेली नाही; एकोणिसाव्या शतकात प्रथम प्रकाशात आली.

शीर्षकातील 'वाद' हा शब्द न्यायालयीन अर्थाचा आहे. होशेय आणि मीखा या संदेष्ट्यांच्या ग्रंथांत देव आपल्या लोकांविरुद्ध फिर्याद दाखल करतो, ती कल्पना येथे उचलली आहे. कवितेची रचना खटल्यासारखीच आहे. देवाने या लोकांना रानटी भूमीत आणून वसविले, त्यांना शांतता व समृद्धी दिली, हे उपकार आधी सांगितले जातात. नंतर दुसऱ्या पिढीचा धर्मनिष्ठेतील शिथिलपणा येतो. मग स्वतः देव दीर्घ भाषण करतो व आरोप वाचून दाखवतो. त्यानंतर शिक्षा येते : ढग जमतात आणि पांगतात, पिके करपतात, रोगराई पसरते. शेवटी कवी आपल्या प्रिय भूमीस कळवळून आवाहन करतो.

या खटल्याला तात्कालिक संदर्भही होता. वसाहतीच्या संस्थापकांची मुले-नातवंडे पहिल्या पिढीइतक्या उत्कटतेने धर्मानुभवाची साक्ष देत नव्हती. त्यांच्या अपत्यांना बाप्तिस्मा द्यावा की नाही, हा प्रश्न १६६२ च्याच धर्मसभेपुढे होता. देव आणि समाज यांच्यात करार झालेला आहे, अशी प्युरिटनांची श्रद्धा होती. करार म्हटला की अटी आल्या. अटी मोडल्या की वसुली आली. अवर्षण ही विगल्सवर्थच्या दृष्टीने वसुली आहे. यात धनको देव आहे आणि ऋणको संपूर्ण समाज.

अशा दुष्काळावरील उपायही ठरलेला होता. १६२३ मध्ये प्लिमथ वसाहतीत मे महिन्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत पाऊस पडला नाही, तेव्हा वसाहतीने सामुदायिक उपवास व प्रार्थनेचा दिवस पाळला आणि त्यानंतर पाऊस आला, असे विल्यम ब्रॅडफर्ड व एडवर्ड विन्स्लो या दोघांनीही नोंदविले आहे. या दिवसाला 'विनम्रतेचा दिवस' अशा अर्थाचे नाव होते. देवापुढे माणसाने लहान व्हावयाचे, अशी ही रीत होती.

महाराष्ट्रातील रीत याच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. पाऊस लांबला म्हणजे गाभाऱ्यात पाणी भरून महादेवाची पिंड बुडवून ठेवण्याची प्रथा आपल्याकडे अनेक ठिकाणी आहे. 'देव पाण्यात घालून बसणे' हा वाक्प्रचार अशाच आचारातून भाषेत रुजला आहे. येथे कोंडी होते ती देवाची. श्रद्धा दोन्हीकडे आहे, परंतु तगादा कोणी कोणाकडे लावावयाचा, याची दिशा उलट आहे.

४

आता तुकारामांकडे वळू. आपला जीवनवृत्तांत सांगणाऱ्या प्रसिद्ध अभंगात तुकारामांनी दुष्काळाचा उल्लेख अतिशय थोड्या शब्दांत केला आहे. द्रव्य गेले, मान गेला, एक पत्नी अन्नावाचून मेली. वर्णन नाही, करपलेले शेत नाही, कोरडे पात्र नाही. परंतु द्रव्याच्या संदर्भात जे क्रियापद योजले आहे ते 'आटणे' हे आहे. पाण्याचे हे क्रियापद पैशाला लागते आणि एका शब्दात दुष्काळाची संपूर्ण यंत्रणा उलगडते. वाण्याच्या घरातील पैसा हा साठलेला नसतो, तो वाहता असतो. उधारी, वसुली, माल आणि पुन्हा उधारी असा तो फिरतो. पाऊस गेला की शेतकऱ्याकडून येणारा ओघ थांबतो आणि वाण्याचे दुकान नदीसारखे तळापासून कोरडे पडते. आटलेल्या नदीचे चित्र मराठी कवितेत कोठे गेले, याचे उत्तर येथे मिळते : ते खतावणीत गेले.

दुसऱ्या एका अभंगात तुकाराम दिवाळे निघाले, दुष्काळाने पीडले, अपमान झाला, हे सर्व बरेच झाले, असे देवाला सांगतात. वरवर पाहता हा विगल्सवर्थसारखाच शिक्षेचा स्वीकार वाटेल. परंतु दोन भेद आहेत. पहिला असा की, बोलणारा माणूस आहे आणि ऐकणारा देव आहे. विगल्सवर्थमध्ये याच्या उलट. दुसरा असा की, तुकाराम 'बरे झाले' हे फक्त स्वतःविषयी म्हणतात. देहू गावाच्या पापामुळे पाऊस गेला, असे ते म्हणत नाहीत. आपल्या दुःखाचा अर्थ लावण्याचा अधिकार ते घेतात, शेजाऱ्याच्या उपासमारीचा अर्थ लावण्याचा घेत नाहीत.

महिपतीने सांगितलेली परंपरा या संदर्भात विशेष बोलकी आहे. दुष्काळानंतर घरातील कर्जखतांची वाटणी झाली. भाऊ कान्होबा याचा हिस्सा त्यास दिला गेला आणि स्वतःच्या वाट्याची खते तुकारामांनी इंद्रायणीत बुडविली. इतिहास म्हणून ही कथा तपासण्याचे हे स्थळ नव्हे. परंपरेने तुकारामांचा दुष्काळ कसा समजून घेतला, हे तीतून कळते. न्यू इंग्लंडच्या स्तोत्रातील नदी देणे फेडले नाही म्हणून आटते. देहूची नदी देण्याचे कागदच पोटात घेते.

५

रामदासांची साक्ष वेगळ्या प्रकारची आहे. त्यांचा जन्म १६०८ मध्ये मराठवाड्यात, आजच्या जालना जिल्ह्यातील जांब येथे झाला. टाकळी येथील तपश्चर्या आटोपून ते देशाटनास निघाले ते १६३२ च्या सुमारास, असे संप्रदायात मानले जाते. म्हणजे उद्ध्वस्त मुलूख त्यांनी पायी पाहिला. 'अस्मानी सुलतानी' व 'परचक्रनिरूपण' या लहान प्रकरणांत त्यांनी लोकांच्या विपत्तीची यादीच दिली आहे. 'अस्मानी-सुलतानी' हा जोडशब्द महसुली कागदपत्रांतही आढळतो : आकाशातून आलेली आणि राज्यकर्त्यांकडून आलेली अशी दोन संकटे. शेताला दोन्ही लागतात, हे गावातील पाटील-कुलकर्ण्यांना ठाऊक होते. दुष्काळाच्या कारणांत राज्यसत्ता समाविष्ट करणारा हा शब्द कवितेत येणे ही साधी गोष्ट नव्हे. विगल्सवर्थच्या खटल्यात सुलतानीला जागाच नाही, कारण तेथील शासन हे स्वतःच त्या कराराचे रखवालदार होते.

सत्तेचा आणि धान्याचा संबंध सर्वांत स्पष्ट होतो तो दामाजीपंतांच्या कथेत. बहामनी राजवटीत मंगळवेढ्याचा अंमलदार असलेल्या दामाजीने पंधराव्या शतकातील दुष्काळात सरकारी कोठारे भुकेल्यांसाठी खुली केली. बीदरहून त्यास पकडण्याचा हुकूम सुटला. तेव्हा विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेऊन बीदरच्या दरबारी धान्याची किंमत भरली व पावती घेतली, अशी ही कथा आहे. महिपतीने १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या 'भक्तविजया'त ती विस्ताराने आली आहे. या कथेत पाऊस का गेला, याची चिकित्सा दुय्यम ठरते. प्रश्न असा आहे की कोठारात धान्य असताना माणसे का मरावीत? आणि देव येथे धनको नाही, तो माणसाच्या वतीने देणे फेडणारा आहे.

६

येथे अशी समजूत होण्याचा संभव आहे की, एक परंपरा शिक्षेची आणि दुसरी करुणेची, एवढ्यावर हा विषय संपतो. तसे मानणे ही आत्मप्रशंसा होईल व ती वस्तुस्थितीस धरूनही नाही.

न्यू इंग्लंडच्या या प्रकारच्या लेखनास इंग्रजी समीक्षेत 'जेरेमायड' म्हणतात. पेरी मिलर आणि पुढे १९७८ मध्ये सॅकव्हन बर्कोविच यांनी त्याचा सविस्तर अभ्यास केला. ही संज्ञा यिर्मया या संदेष्ट्याच्या नावावरून आली आहे. यिर्मयाच्या ग्रंथाच्या चौदाव्या अध्यायात अवर्षणाचे अत्यंत प्रत्ययकारी चित्र आहे. पाण्यासाठी गेलेले सेवक रिकामी भांडी घेऊन परततात आणि लाजेने मस्तक झाकतात. परंतु पुढच्याच अध्यायात यिर्मया देवालाच विचारतो की, तू माझ्यासाठी भरवसा न देणाऱ्या, आटून जाणाऱ्या ओढ्यासारखा होणार आहेस काय? आटलेली नदी येथे लोकांच्या पापाची खूण नाही. ती देवावरील आरोप आहे. ज्या संदेष्ट्याच्या नावाने हा काव्यप्रकार ओळखला जातो, त्याच्या वाणीतील हा अर्धा भाग विगल्सवर्थच्या खटल्यात गळून पडला. विठ्ठलाशी भांडणारे, त्याला चोर म्हणणारे, आपल्यापुरता देव उरला नाही असे सांगण्यापर्यंत जाणारे तुकाराम त्या विसरल्या गेलेल्या यिर्मयाच्या अधिक जवळचे आहेत.

या दोन परंपरांची प्रत्यक्ष भेटही पुढे महाराष्ट्रात झाली. न्यू इंग्लंडच्या प्युरिटन वारशातून उभ्या राहिलेल्या बॉस्टनच्या मिशन मंडळाचे गॉर्डन हॉल व सॅम्युअल नॉट हे १८१३ मध्ये मुंबईस आले. तेथून अमेरिकन मराठी मिशनचे कार्य १८३१ मध्ये अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) पोहोचले, आणि १८४२ मध्ये तेथे 'ज्ञानोदय' सुरू झाले. या परंपरेत १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला आळवण्यासाठी अभंग निवडला, आणि तुकारामांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे ते म्हणत. फिर्यादी देवाच्या परंपरेला मराठीत येताना भांडणाऱ्या भक्ताची भाषा घ्यावी लागली, ही घटना तौलनिक अभ्यासकाने दुर्लक्षू नये.

दोन्हीकडे मौनाच्या जागाही आहेत. विगल्सवर्थच्या कवितेत वसाहतीपूर्वीची भूमी ओसाड आणि सैतानाच्या ताब्यातील आहे. १६१६ ते १६१९ च्या साथीत तेथील मूळ रहिवाशांची गावेच्या गावे ओस पडली होती, याची जाणीव त्या चित्रात नाही. दामाजीच्या कथेत देव महाराचे रूप घेतो, परंतु त्या दुष्काळात खऱ्या महाराच्या घरी काय घडले, हे कथा सांगत नाही. ते सांगण्यास विसाव्या शतकातील दलित आत्मकथनच यावे लागले. मुरूमपासून फार दूर नसलेल्या अक्कलकोट तालुक्यातील हन्नूर गावाचे अनुभव शरणकुमार लिंबाळे यांनी 'अक्करमाशी' (१९८४) मध्ये मांडले. त्यात नदी एकच असली तरी पाणवठे जातीनुसार वेगळे आहेत. नदी आटते तेव्हा ती सर्वांसाठी सारखी आटत नाही. हे विगल्सवर्थच्या 'संपूर्ण समाज' या कल्पनेला आणि अभंगातील सदैव भरलेल्या तीर्थालाही दिलेले उत्तर आहे.

७

या विवेचनाचा आपल्या अध्यापनाशी निकटचा संबंध आहे. २०२३ मध्ये नामांतर झालेला धाराशिव जिल्हा दुष्काळाशी कायमचा जोडला गेला आहे. १९७२ चा दुष्काळ येथील वडीलधाऱ्यांच्या स्मरणात आहे. २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते आजच्या विद्यार्थ्यांना आठवते. आणि 'माणसे बिघडली म्हणून पाऊस बिघडला' हे वाक्यही येथे पारावर अजून ऐकू येते. हे वाक्य निरुपद्रवी नाही. समाजाचे पाप हे कारण एकदा मान्य केले की कोठाराची किल्ली कोणाकडे होती, बंधारा का बांधला नाही, पाणवठ्यावर कोणाला मज्जाव होता, हे प्रश्न विचारण्याची गरज उरत नाही. १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना जोतीराव फुल्यांनी हा वळसा ओळखला होता. शेतकऱ्याच्या दैन्याची कारणे त्यांनी सरकारी धोरणात व समाजव्यवस्थेत शोधली, आणि पावसाचे पाणी शेतात मुरावे म्हणून बंधारे घालण्याची सूचना केली.

तेव्हा दुष्काळाची कविता वर्गात शिकविताना तिच्यातील बोलणारा कोण, ऐकणारा कोण आणि देणे कोणावर टाकले आहे, हे आधी निश्चित करावे. दामाजीची कथा चमत्कारकथा म्हणून न थांबता कोठाराची कथा म्हणून वाचता येईल. 'आटणे' या एका क्रियापदावरून तुकारामांच्या अर्थजीवनात प्रवेश करता येईल.

संशोधनासाठीही येथे क्षेत्र मोकळे आहे. कळंब तालुक्यातील हासेगावचे भास्कर चंदनशिव यांनी 'जांभळढव्ह' या कथासंग्रहाच्या नावातच या भागातील डोहवाचक शब्द जपला आहे. असे शब्द आणखी किती आहेत? कोरड्या पात्रात खणलेल्या झिऱ्याची, डोहांची, नदीकाठच्या साती आसरांच्या ठिकाणांची गावागावांतील नावे, धोंडी काढताना म्हणावयाची गाणी, जात्यावरच्या ओव्यांतील पावसाचे उल्लेख यांचे तालुकावार संकलन पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून सहज होऊ शकेल. टँकर आणि कूपनलिका आल्यापासून झिरा खणणारी पिढी मागे पडत चालली आहे. तिच्याबरोबर हा शब्दसंग्रहही जाईल. बेन्नीतुरेच्या काठच्या वृद्ध स्त्रियांपासून या कामास आरंभ करता येईल.